माझं धरूनच चाला

सहलीला येणार का, असं विचारलं तर मराठी माणूस 'नाही' म्हणत नाही. तो 'बघतो' म्हणतो. त्याच्या वरची पायरी 'जमवतो', तिच्या वर 'नव्व्याण्णव टक्के', आणि सगळ्यात वर 'माझं धरूनच चाला'. या शेवटच्या पायरीवरचा माणूस हमखास येत नाही. तंबूंची संख्या मात्र त्याला धरूनच ठरवावी लागते.

आमच्या समूहाची ओळख मोबाइलवरची. कोणीतरी फोटो टाकायचा, 'हा पक्षी कोणता?' असं विचारायचं आणि बाकीच्यांनी रात्री उशिरापर्यंत भांडायचं, एवढाच आमचा व्यवहार. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. हिमालयाचा फोटो लावलेले गृहस्थ म्हणजे 'हिमालय', उगवत्या सूर्याचा लावलेले 'सूर्य', फुलपाखराचा लावलेल्या बाई 'फुलपाखरू'. एकाचा डीपी कोराच होता. त्याने कधी एक अक्षर लिहिलं नाही, पण निळ्या खुणा सगळ्यात आधी त्याच्या पडत. मे महिन्यात कोणीतरी म्हणालं, "एकदा भेटायला हवं." त्याला पहिला अंगठा मी दाखवला, म्हणून संयोजक मी झालो.

भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचं, यावर एकमत झालं. काजव्यांचा भर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाने जोर धरण्याआधी. त्यातही चांदणं नसलं तर उत्तम, म्हणून अमावास्येजवळचा शनिवार मी सुचवला. लगेच निरोप आला, "अमावास्येला आमच्यात प्रवास करत नाहीत." पुढच्या शनिवारी कोणाच्या भाच्याचं लग्न, त्याच्या पुढच्या शनिवारी कोणाचा क्रिकेटचा अंतिम सामना. मग मतदान ठेवलं. तारखांच्या यादीत एकाने 'गोवा' हा पर्याय स्वतःहून घातला आणि तो तासाभरात आघाडीवर गेला.

त्यानंतर जेवण. दोघं शाकाहारी, एकजण जैन, एकाला शनिवारी कोंबडी चालत नाही पण रविवारी चालते. एका बाईंनी विचारलं, "तंबूत इंग्लिश टॉयलेट आहे ना?" शेवटी मी आगाऊ पैसे मागितले आणि समूहात अशी शांतता पसरली की मला माझंच नेट बंद पडल्याची शंका आली.

तरीही शनिवारी सकाळी माणसं निघाली. मुंबईकर लोकलने कसाऱ्यापर्यंत आणि तिथून जीपने घोटीवरून, पुणेकर संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने, नाशिककर आरामात उशिरा. भेटायचं ठिकाण शेंडी गाव. भंडारदऱ्याला जाणारा प्रत्येकजण उतरतो ते शेंडीलाच. तिथे चहाच्या टपरीसमोर आम्ही एकमेकांकडे चोरून बघत उभे होतो. समोरचे हिमालयच असावेत असं वाटत होतं, पण परक्या माणसाला "तुम्ही हिमालय का?" असं विचारायचं कसं?

ही कोंडी एका काकूंनी फोडली. नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात पितळी डबा. त्या थेट हिमालयांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "घारीला गरुड म्हणालात ते तुम्हीच ना? आणि चुकलं तरी शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत!" मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही पैसे फार दबकत मागता." काकूंच्या मागे बॅगा घेऊन एक मुखदुर्बळ तरुण उभा होता. तोच कोरा डीपी. त्याचा फोन दिवसभर घरी सासूबाईंच्या हातात असायचा. आम्ही जे जे लिहिलं, ते सगळं आजवर काकूंनी वाचलं होतं. त्याला आम्ही कोण, हे शेंडीलाच कळत होतं.

काकूंनी पाच मिनिटांत सगळ्यांची ओळख करून दिली. प्रत्येकाचं मत त्यांना पाठ होतं आणि ते त्या त्याच्या तोंडावर सांगत होत्या.

जेवण आमच्या यजमानांच्या घरी. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात आणि कोंबडी. शनिवारी कोंबडी न चालणाऱ्याने ती चालवून घेतली. अंगणात उभं राहून कळसूबाई कोणती यावर वाद सुरू झाला. तिची उंची १,६४६ मीटर हे सगळ्यांना तोंडपाठ, पण बोटं तीन दिशांना. यजमान हात धुवून आले आणि म्हणाले, "कळसूबाई ढगात आहे. तुम्ही दाखवताय ती त्यातली कुठलीच न्हाई."

संध्याकाळी धरणावर गेलो. प्रवरेवरच्या या विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं, ही माहिती सूर्यांनी दिली. सोळा वर्षं! त्या मानाने आमचं मतदान लवकर आटोपलं होतं. तेवढ्यात एका दगडावर निळसर पक्षी येऊन बसला. एवढे जाणकार समोर, पण नाव कोणी घेईना. "आधी फोटो काढा, मग सांगतो," असं हिमालय कुजबुजले. फोटो निघेस्तोवर पक्षी उडाला आणि रेंजही गेली.

तंबू दोन माणसांचा असतो, असं भाड्याने देणारा सांगतो. ती दोन माणसं सडपातळ आणि एकमेकांवर प्रेम करणारी असावी लागतात. आम्ही ते उभारत होतो तेव्हा खुंट्या सह्याद्रीच्या कातळात शिरायला तयार नव्हत्या. हिमालयांनी आपल्या पाठपिशवीतून हातोडी, दोर, कड्या, शिट्टी आणि कपाळाला बांधायचा दिवा काढला. खुंटीवर हातोडी मारली तेव्हा खुंटी वाकली. काकूंनी प्रत्येक दोरीवर एकेक धोंडा ठेवला आणि तंबू उभे राहिले.

पुढे अर्धा तास ते उभे होते. मग पश्चिमेकडून धूळ उठली आणि वळीव आला. धोंड्याखालच्या दोऱ्या जागच्या जागी राहिल्या, तंबू गेले. आम्ही सगळे पथाऱ्या डोक्यावर घेऊन यजमानांच्या पडवीत पळालो. तिथे शेळ्या आधीच येऊन बसल्या होत्या आणि उठायला राजी नव्हत्या. कडाड आवाज झाला आणि गावाची वीज गेली. त्याबरोबर पलीकडच्या एका छावणीत दुपारपासून चाललेला डीजेही मध्येच गप्प झाला.

पाऊस उघडला. यजमान म्हणाले, "आता चला."

ओढ्याकाठी दोन झाडं. पहिला काजवा लुकलुकला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. मग बोटं पुरेनात. झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, फांदीन्‌फांदी एका तालात. कोणी बोलत नव्हतं, म्हणजे तसं बोलतच होतं, पण खालच्या आवाजात. फुलपाखराच्या बाई सांगत होत्या: चमकतात ते बहुतेक नर, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. हा उजेड ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा, त्यात उष्णता जवळजवळ नसते. अळी महिनोन्‌महिने मातीत राहून गोगलगायी खाते आणि पंख फुटलेला काजवा जेमतेम काही आठवडे जगतो.

"म्हणजे सगळं आयुष्य जेवणात घालवायचं," काकू म्हणाल्या, "आणि शेवटी लग्नाची घाई."

आणि झाडं हिरड्याची की बेहड्याची, यावर वाद पेटला. नीट बघावं म्हणून हिमालयांनी कपाळावरचा दिवा लावला. काजव्यांजवळ विजेरी लावायची नाही, लावलीच तर लाल जिलेटीन गुंडाळून आणि जमिनीकडे रोखून, हे मी समूहात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. उजेडाने नरमादीचे इशारे बिघडतात. सगळे एकदम ओरडले. ते बटण दाबत राहिले. दिवा आधी प्रखर झाला, मग आणखी प्रखर, मग लाल, आणि शेवटी संकटाचा इशारा देत लुकलुकू लागला. विझायचं नाव घेईना. इतक्यात एक काजवा झाड सोडून आला आणि त्यांच्या कपाळाशी घिरट्या घालू लागला. त्याला उत्तर मिळालं होतं.

काकूंनी पितळी डब्याचं झाकण त्या दिव्यावर धरलं. "हलू नका आता." तशा अवस्थेत हिमालय बराच वेळ उभे होते. झाड बेहड्याचं निघालं.

परतताना नाशिकचे एकजण माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मानलं तुम्हाला! गावाची वीजसुद्धा बंद करवलीत." मी ते नाकारलं नाही. संयोजकाच्या वाट्याला शिव्या न मागता येतात, मग श्रेयही तसंच आलं तर घ्यावं.

पहाटे कोणीतरी मला हलवून उठवलं. सूर्य होते. गेली कित्येक वर्षं त्यांचा 'शुभ सकाळ' रोज उजाडायच्या आत आमच्या फोनवर येतो. आज रेंज नव्हती, म्हणून ते पडवीभर फिरून प्रत्येकाला हाताने पोचवत होते. शेळ्यांनाही त्यांनी वगळलं नाही.

शेवटी हिशोब. ज्यांना धरून चाललो होतो त्यांचे तंबू वाऱ्यावर गेल्याने नुकसानीत त्यांचाही वाटा निघाला. तो कसा मागायचा, यावर पुन्हा दबकत एक मजकूर लिहायला घेतला, तर कोऱ्या डीपीवरून पहिल्यांदाच अक्षरं उमटली. नावं, प्रत्येकाकडची बाकी आणि खाली एक ओळ: 'रात्री आठपर्यंत.' पावणेआठला सगळे पैसे जमा झाले.

आता काकूंना आम्ही रीतसर समूहात घेतलं आहे, त्यांच्या स्वतःच्या फोनवरून. पुढची सहल त्याच ठरवताहेत. मतदान नाही. तारीख, गाडी आणि कोणी काय आणायचं ते कळवून टाकलं आहे. 'बघतो' असं अजून तरी कोणी लिहिलेलं नाही.