ज्येष्ठा, कनिष्ठा आणि माझं पोट

आमच्या चिपळुणात गौर म्हणजे वाशिष्ठीच्या काठचे पाच-सात खडे. ते आणणारीनं वाटेत बोलायचंसुद्धा नाही. नैवेद्याला घावन-घाटलं, जेवायला घरचेच, आणि दुपारच्या चहाआधी भांडी घासून पालथी. अशा काटकसरी देवीच्या कृपेवर पोसलेलं माझं पोट नोकरीनं उचललं आणि अकोल्यात आणून टाकलं.

इथल्या महालक्ष्म्या भरजरी साड्यांत उभ्या होत्या, पुढ्यात त्यांची बाळं, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. नमस्कार करताना मी बिचकलोच. आमची देवी ताम्हनात मावते.

खरी गोची पंचांगानं केली. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. म्हणजे जेवणं साऱ्या वऱ्हाडात एकाच दिवशी. मला दुपारी अकोल्यात सहकाऱ्याकडे आणि रात्री अमरावतीला त्याच्याच मावशीकडे आमंत्रण. नाही म्हणायला आम्हा कोकणस्थांना चांगलं जमतं, पण फुकटच्या जेवणाला नाही.

‘बाराला या’ म्हणाले होते. पानं वाढली साडेतीनला. सोळा भाज्यांची भाजी, ज्वारीची आंबील, कढी, वडे आणि आत पोळीपेक्षा पुरणच जास्त अशी पुरणाची पोळी. मी सवयीनं चमचाभर तूप घेतलं, तर वहिनी दचकल्या.

“काहून जी, बरं नाही का?”

मी हात आडवा धरला. तुपाची धार हातावरून ओघळून पोळीवर गेली.

संध्याकाळी तसाच अमरावतीला निघालो. या अकोला-अमरावती महामार्गावर जून २०२२ मध्ये एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं; गिनीज बुकात नोंद आहे. असल्या विक्रमांचं मला एरवी काडीचं कौतुक नसतं. त्या संध्याकाळी मात्र मी प्रत्येक किलोमीटरचे मनोमन आभार मानत होतो. एक खड्डा लागला असता, तरी पुरण वर आलं असतं. मूर्तिजापूर आलं, गेलं. मी डोळे मिटून होतो.

अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घेतलं. रुक्मिणीहरण इथलंच, असं सांगतात. सगळं श्रेय लोक प्रेमाला देतात. मला शंका आहे, विदर्भातल्या लग्नघरी पंगतीचा आग्रह सुरू व्हायच्या आत निघावं, असाही विचार झाला असेल.

मावशी सत्तरीच्या पुढच्या. “अकोल्याले काय खाल्लं असन तुम्ही! बसा.”

मी दोन्ही हातांनी पान झाकलं. त्या समोरच बसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या घरी आता कोन मांडते?”

आई गेल्यापासून आमच्याकडे खडे आणायला कुणी जात नाही, हे मी कुणाला बोललो नव्हतो. विचारलंच नव्हतं कुणी. मावशींना सांगितलं. त्या गप्प राहिल्या. सांगता सांगता माझे हात पानावरून कधी निघाले, कळलं नाही.

त्यांना कळलं होतं. दोन पोळ्या पडल्या आणि वर वाटीभर तूप.