काही होत नाही!

प्रत्येक घराण्यात असा एक मामा असतोच. स्वतःचं लग्न व्हायचं असतं, पण दुसऱ्याच्या पोरांची भीती मोडायचं कंत्राट त्याने आपणहून घेतलेलं असतं. मे महिन्याची सुट्टी लागली की तो भाच्यांना गाडीत कोंबतो आणि ताईने तोंड उघडायच्या आत सांगून टाकतो, "काही होत नाही!"

गिरगावात वाढलेल्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मामाचंच घ्या. त्याने चक्क अभ्यासक्रम आखलाय. पहिली यत्ता म्हणजे पेशवे उद्यानातली फुलराणी. ही झुकझुकगाडी १९५६ साली सुरू झाली. तिला घाबरायचं म्हटलं तरी जमत नाही. मग घोड्यांचं चक्र, आकाशपाळणा, ड्रॅगन. पदवी परीक्षा खोपोलीजवळच्या इमॅजिकात, नायट्रोवर, जिथे पाय अधांतरी लोंबतात. भाची सहा वर्षांची आहे, पण मामाने पदवीदानाचं साल मनाशी ठरवून ठेवलंय.

आडवी येते ती उंचीची पट्टी.

प्रवेशाजवळच्या फळीवर १२० सेंटिमीटरला लाल रेघ असते आणि भाची भरते ११७. मामा तिला जाड तळव्याचे बूट घालून आणतो, डोक्यावर उंच अंबाडा बांधायला लावतो, "श्वास भरून घे, मान ताठ," असं कानात पुटपुटतो. पाळण्यावरचा पोरगा शांतपणे बूट काढायला लावतो आणि अंबाड्यावर तळहात ठेवून दाबतो. ११७. "अरे, तीन सेंटिमीटरनं काय होतंय? काही होत नाही!" होतं असं, की मांड्यांवर येणारा दांडा ठरावीक मापाच्या अंगालाच नीट आवळतो, चणीने लहान पोर त्याखालून निसटू शकतं. मामाला वाटतं, त्या पट्टीने भाचीच्या धाडसाचा अपमान केला.

मग तिसरीतल्या भाच्याला पकडून तो कोलंबसकडे वळतो. ही बोट झुलताना टोकाच्या रांगा सगळ्यात उंच चढतात, आणि खाली येताना आसनही माणसाबरोबरच पडत असल्याने बुडाखालचा आधार क्षणभर गेल्यासारखा होतो. पोटात गोळा येतो तो त्यामुळे. म्हणून जाणती माणसं लहान पोरांना मधल्या रांगेत बसवतात. मामा टोक गाठतो.

"मामा, थांबवायला सांग ना!"

"काही होत नाही!" मामा ओरडतो, डोळे गच्च मिटून.

चौथ्या हेलकाव्याला सकाळची मिसळ मामाच्या नव्या शर्टावर येते. खाली उतरल्यावर तो ताईला विजयी मुद्रेने सांगतो, "बघ, भीती बाहेर पडली."

एक मात्र कबूल करायला हवं. मामाच्या पाठपिशवीत आवळासुपारी असते, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, दोन्ही भाच्यांचे कोरडे कपडे असतात. स्वतःचा शर्ट तेवढा नसतो.

ताईला आठवतं ते वेगळंच. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडलं आणि मुंबईतल्या शाळांच्या सहली तिकडे निघू लागल्या. लाँचने खाडी ओलांडायची, दिवसभर पाळणे. घरात एकाच सहलीपुरते पैसे होते. ताई चौथीत म्हणून ती गेली. दुसरीतला मामा दारात उभा राहून आईला म्हणाला होता, "मी नाही गेलो तर काही होत नाही." रात्री मात्र त्याने ताईकडून एकेक पाळणा क्रमाने वदवून घेतला: आधी कुठला, मग कुठला, सगळ्यात शेवटी कुठला.

भाचीला या अभ्यासक्रमात काडीचा रस नाही. तिला घोड्यांच्या चक्रातच पुन्हा बसायचंय, तेही मामा शेजारच्या घोड्यावर असेल तर. पण लहानांच्या पाळण्यांना उंचीची कमाल मर्यादाही असते. पाळण्यावरचा पोरगा त्या पाटीकडे बोट दाखवतो. ओल्या शर्टातला मामा गुडघे वाकवून, खांदे पाडून पट्टीपाशी उभा राहतो.

"मामा, श्वास सोड," भाची कानात सांगते. "आणि मान आत घे."