भेळेचं नियोजन : इयत्ता सहावी, तुकडी 'ब'

वर्गात पार्टी घेणं हे एक शास्त्र आहे. ज्यांना ती नुसती मजा वाटते, त्यांनी भरल्या वर्गात कधी कांदा सांभाळलेला नसतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला एका शिक्षकामागे ३५ मुलं धरली आहेत. आमच्या वर्गाचा पट ५२. पार्टीच्या दिवशी मोजली तर ५४ भरतात. हे वरचे दोघे कोण याचा शोध घेऊ नये. ते 'अ' तुकडीतले असतात, शेवेच्या वासावर आलेले असतात आणि त्यांना बाहेर काढायला गेलं तर आपले चार त्यांच्याबरोबर निघून जातात.

वर्गशिक्षिका म्हणून मला १९ वर्षं झाली. दरवर्षी एक धरली तर पार्ट्याही १९ झाल्या. त्यांतल्या दोन उत्तम झाल्या. त्या दोन्ही वेळी मला ताप होता आणि मी खुर्चीतून उठले नव्हते. खालचं मार्गदर्शन उरलेल्या १७ पार्ट्यांवर आधारलेलं आहे.

पायरी पहिली : दिवस ठरवणे

बालदिन सगळ्यात सोयीचा, असं कुणालाही वाटेल. १४ नोव्हेंबर, नेहरूंचा वाढदिवस, मुलांचा हक्काचा दिवस. अडचण एवढीच, की पंडितजींची जन्मतारीख ठरताना दिवाळीच्या सुट्टीचा विचार झाला नव्हता. २०१२ साली त्या दिवशी पाडवा होता, २०२० साली लक्ष्मीपूजन, २०२३ साली पुन्हा पाडवा. मराठी मूल बालदिन साजरा करतं ते मामाच्या घरी, चकली खात, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

५ सप्टेंबरला शिक्षक दिन असतो, पण त्या दिवशी मुलं शिक्षक होतात. सहावीतली मुलगी आईची साडी नेसून एकदा वर्गात उभी राहिली, की ती कुणालाही भेळ खाऊ देत नाही. मी एवढी कडक कधीच नव्हते.

तेव्हा शनिवार बघावा. सकाळची शाळा, अर्धा दिवस, आणि पाचव्या तासाला मुलं तशीही हाताबाहेर गेलेली असतात. शिवाय २०२४ साली शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. म्हणजे आनंद आता वेळापत्रकात आहे. वेळापत्रकात आला म्हणजे त्याची नोंदवही आली, नोंदवही आली म्हणजे ती तपासायला कुणीतरी आलं. पण भेळ ही नोंदवहीत 'गटकार्य' म्हणून बसते. 'अपूर्णांकांचा व्यवहारात उपयोग' म्हणूनही बसते. मी दोन्ही रकान्यांत लिहिते.

पायरी दुसरी

ही पायरी सध्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर सहीसाठी आहे. आली की इथे घालू.

पायरी तिसरी : पालक

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पार्टी' हा शब्द लिहू नये. मी एकदा लिहिला. रात्री साडेदहापर्यंत फुग्यांची कमान, 'अंतराळ' अशी थीम, ५२ रिटर्न गिफ्टं आणि एका वडिलांच्या ओळखीचा जादूगार इथवर मजल गेली होती. दुसऱ्या दिवशी वर्गणी २० रुपये ठरली, तेव्हा ग्रुप एकदम शांत झाला. ५२ गुणिले २० म्हणजे १०४० रुपये. जमले ८६०, त्यांत सुट्टे नसलेल्या एकाची पाचशेची नोट.

त्या दिवसापासून मी वर्गणी काढत नाही. पालकांना एकच निरोप जातो : 'शनिवारी पाल्याबरोबर एक वस्तू द्यावी. कोणती ते पाल्य सांगेल.' पाल्य ते शुक्रवारी रात्री अकराला सांगतं, पण त्याला आपला इलाज नाही.

पायरी चौथी : खायला काय

एक किलोचा केक ५२ जणांत कापला तर प्रत्येकी १९ ग्रॅम येतो. हे गणित मी फळ्यावर सोडवून घेतलं. उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं आणि वर्गात सुतक पडलं. वेफर्स नकोत : तेल, मीठ, साखर फार असलेलं खाणं शाळेपासून ५० मीटरच्या आत विकू नये, असा २०२० पासून नियम आहे. आमच्या फाटकाबाहेरचा गाडीवाला बहुधा पावलं मोजून एक्कावन्नाव्या मीटरवर उभा राहतो. अंगतपंगत ही खरी आपली चीज, घासाघासाला दुसऱ्याच्या घरची चव. पण सहावी 'ब'मध्ये ३७ डब्यांत पोळी आणि बटाट्याची भाजी निघते. देवघेव होते, फरक पडत नाही.

म्हणून भेळ. गॅस नको, काडेपेटी नको, प्रत्येकाने एकेक वस्तू आणायची. कागदावर इतकं सोपं दुसरं काही नाही.

याद्या मॉनिटरला करू दिल्या. इथून पुढे नीट वाचा. आमची शाळा पुण्याबाहेरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. बदलीची, कामाची माणसं चहूकडून येतात. मी म्हटलं, "चुरमुरे कोण आणणार?" चार हात वर. नागपूरहून आलेली मुलगी म्हणाली, "बाई, मुरमुरे पण पाहिजेत ना?" मॉनिटर शिस्तीचा. त्याने नवीन ओळ टाकली : मुरमुरे, चार जण. डोंबिवलीचा म्हणाला, "आणि कुरमुरे विसरलात." तिसरी ओळ, चार जण. मी त्या वेळी हजेरीची बेरीज करत होते.

पाव किलो चुरमुऱ्यांची पिशवी साधारण उशीएवढी असते. शनिवारी सकाळी सात वाजता दारातून १२ उशा आल्या. फरसाण आणायचं कुणाच्या नावावर आलंच नव्हतं, कारण यादीच्या खाली जागा उरली नव्हती.

चिंचगुळाच्या चटणीचं वेगळं शास्त्र आहे. चटणी आणणारं मूल शाळेजवळ राहणारं असावं, घाई नसणारं असावं आणि त्याला बहीण-भाऊ त्याच शाळेत नसावेत. चटणी हातात आणावी, दप्तरात नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर असू नये, असा दंडक आहे. पण त्या १० टक्क्यांत इतिहासाचं पुस्तक किती आणि चटणी किती, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. आमच्या एका मुलाच्या पुस्तकात दोन्ही आहेत. त्यातली काही पानं एकमेकांना अशी चिकटली आहेत, की मध्ये एक अख्खा धडा अडकला. तो धडा त्याने परीक्षेला सोडला आणि मला गुण कापवले नाहीत.

कांदा चिरूनच आणावा, अशी सूचना द्यावी. सातला चिरलेला कांदा डब्यात बंद होतो, साडेनऊला गणिताच्या तासाला कुणीतरी 'बघतो' म्हणून झाकण उघडतं, आणि मग गणिताचे सर डोळे पुसत स्टाफरूममध्ये येतात. त्यांना सहानुभूती दाखवावी. त्यांना वाटतं, मुलांना अपूर्णांक येत नाहीत म्हणून आपल्याला रडू आलं.

यंदा मात्र एका घरून अख्खे कांदे आले. मोजून १७. "आई म्हणाली, चिरलेला वास मारतो, बाईंना ताजा चिरायला सांग." सुरी वर्गात चालत नाही, विळीचा तर प्रश्नच नाही. मी शिपाईमामांना हाक मारायला दारापर्यंत गेले आणि मागे धप्प असा आवाज आला.

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो. वर्षभरात त्याने आपणहून एकदाही हात वर केलेला नाही. पाढे तेराच्या पुढे जात नाहीत. त्याने कांदा बाकावर ठेवला, वर रुमाल टाकला, मूठ वळली आणि एकच बुक्की. कांदा चार फाका होऊन उघडला. "आम्ही शेतात असंच खातो," एवढंच म्हणाला. दुसरा कांदा. वर्ग उठून त्याच्याभोवती. तिसऱ्या कांद्याला मॉनिटरने प्रयत्न केला आणि हात झटकत मागे सरला. सात, आठ, नऊ. मुली मोजायला लागल्या. तेराला तो थांबला, मनगट चोळलं, आणि चौदावा फोडला. सतराही झाले. मी कांदे उचलून हाताने मोकळे करत बसले. मार्गदर्शन करायला कुणी विचारलं नाही.

कालवायचं कशात? पोषण आहाराच्या खिचडीचं मोठं पातेलं स्वयंपाकाच्या मावशींकडे असतं. ते मिळवायला मुख्याध्यापकांच्या सहीपेक्षा जास्त अदब लागते. मावशींची अट एकच : "घासून द्यायचं, आणि तुम्ही घासायचं, पोरांनी नाही." मान्य करावी. पातेल्यात चुरमुरे, मुरमुरे, कुरमुरे या क्रमाने घालावेत. नागपूर आणि डोंबिवली दोघांनीही आपापली पिशवी ओळखून 'आमचे कुरकुरीत' असा निर्वाळा दिला.

महत्त्वाचं : चटणी सगळ्यात शेवटी. मुलं आधी बसवावीत, डब्याची झाकणं हातात घ्यायला लावावीत, मगच ओतावी. चटणी पडल्यापासून भेळ साधारण चार मिनिटं भेळ राहते. नंतर तिचं जे होतं त्याला नाव नाही. झाकणं यासाठी, की प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्या २०१८ पासून बंद आहेत आणि वर्तमानपत्रावर खाऊ नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगतं. शिवाय झाकण हरवलं तर घरी ओरडा बसतो, त्यामुळे मुलं ते जपतात. चमच्याच्या जागी पुरी. पुरी खाऊन टाकली तर बोटं.

एक द्रोण भरून शिपाईमामांबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवावा. त्याच्याबरोबर काही बोलू नये.

सजावट

फुगे नकोत. शेजारच्या वर्गात चाचणी असते आणि फुगा ही पिनेची वाट बघणारी वस्तू आहे. फळ्यावर रंगीत खडूने काय ते लिहू द्यावं. 'पार्टी' हा शब्द तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात. चूक काढू नये. मी काढली, आणि मग सगळ्यांनी मिळून तो पुसून टाकला.

खेळ

संगीत खुर्ची आमच्याकडे होत नाही, कारण वर्गात खुर्ची एकच आणि तिच्यावर मी. संगीत बाक मात्र होतो. एका बाकावर तीन बसायचे असतात, तिथे पाच बसतात आणि 'आउट कोण' यावरून पुढचा अर्धा तास जातो. तळ्यात-मळ्यातला फक्त खडूची एक रेघ लागते. माझ्या मते शाळेतल्या इतर कोणत्याही साहित्यापेक्षा त्या रेघेने मुलांना जास्त शिकवलं आहे, पण हे मूल्यमापनाच्या तक्त्यात लिहायला जागा नाही.

पार्सल फिरवायचा खेळ डस्टर घेऊन खेळावा. गाणं मोबाइलवर लावावं. आमचं गाणं मध्येच थांबलं, कारण मला गॅस सिलेंडरच्या बुकिंगचा फोन आला. डस्टर ज्याच्या हातात होतं तो आउट झाला. त्याने तक्रार केली, की हे मी थांबवलं नाही. न्याय द्यायला मला वेळ नव्हता, पलीकडून मला ग्राहक क्रमांक विचारत होते.

गाण्याच्या भेंड्यांत 'ण' आणि 'ळ' या दोन अक्षरांवर आधीच तोडगा काढावा. 'ण' आला तर 'न', 'ळ' आला तर 'ल'. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि दोन्ही गटनेत्यांच्या सह्या घ्याव्यात. हे केलं नाही, तर मुलींचा गट 'ळ'वर संपणारी गाणी घरून पाठ करून येतो.

आवराआवर

उरलेल्या नऊ उशांचं काय करायचं? मावशींनी फोडणी केली : शेंगदाणे, कढीपत्ता, हळद, पिठीसाखर. चिवडा शिक्षकखोलीत आठवडाभर पुरला. गणिताच्या सरांनीही दोन वाट्या खाल्ल्या, डोळे कोरडे ठेवून. वर्गातल्या फरशीच्या फटींत गेलेले चुरमुरे सोडून द्यावेत. मुंग्या आणि खिडकीतल्या चिमण्या त्यांचं काम करतात, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत एखादा बाकाखाली सापडतोच. पातेलं मी घासलं. मावशी शेजारी उभं राहून "तळाला, बाई, तळाला" म्हणत होत्या.

पायरी दुसरी (प्राप्त)

पार्टी शनिवारी झाली. मंगळवारी अर्ज परत आला. शेरा : 'खाद्यपदार्थ टाळावेत. विद्यार्थ्यांनी केवळ बौद्धिक खेळ खेळावेत.' खाली सही, तारीख शनिवारचीच. सहीच्या शेजारी, कोपऱ्यात, चिंचेच्या चटणीचा एक अंगठा.