पाळण्याला नंबर

आमच्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत घ्यायचं नसतं. का, असं आईला विचारलं की ती ‘नसतं घ्यायचं’ एवढंच म्हणते, आणि त्यावर अपील नाही. त्यामुळे दिवस भरेपर्यंत आम्ही नवराबायकोंनी फक्त यादी केली. एक्सेलमध्ये केली. ‘अत्यावश्यक’, ‘असलेलं बरं’ आणि ‘बघू’ असे तीन रकाने पाडले. आंघोळीच्या पाण्यात तरंगणारा बदकाच्या आकाराचा थर्मामीटर, वाइप्स गरम करायचं यंत्र (मुलगी एप्रिलअखेर होणार होती, ऐन उन्हाळ्यात), बाळावर नजर ठेवणारा व्हिडिओ मॉनिटर, हे सगळं पहिल्या रकान्यात गेलं. ‘बघू’चा रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको सांगलीला गेली आणि यादी माझ्यापाशी पुण्यात राहिली. सासूबाईंची यादी तोंडी होती. झबली, टोपरी, कुंची, लंगोट, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि चांदीचं बोंडलं. तीही विकत आणायची नव्हती. झबली शेजारच्यांच्या नातवाची, कारण बाळाला पहिले कपडे नवे घालायचे नसतात. साड्या त्यांच्याच कपाटातल्या. मी फोनवर ऑर्गॅनिक मलमलीच्या चौकोनाची किंमत सांगितली, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “अहो, एवढ्यात नऊवारी येते.”

बदक बाद झालं ते सासूबाईंच्या कोपरामुळे. त्या पाण्यात कोपर बुडवतात आणि ‘हं’ म्हणतात. डॉक्टरांकडे दाद मागितली, तर त्यांनीही कोपराच्याच बाजूनं निकाल दिला. मॉनिटरचं तर कुणी नावच काढलं नाही. सांगलीच्या त्या घरात बाळानं नुसता चेहरा वाकडा केला तरी आजी, मावशी आणि समोरच्या काकू तीन दारांतून एकदम आत येतात. त्यांना चार्जिंग लागत नाही, चहा लागतो.

यादीतल्या एकाच वस्तूची जाहिरात मला कुठे दिसली नाही, ती म्हणजे दुधाची बाटली. आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं दुधाच्या बाटल्यांच्या आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींना बंदी आहे. हा कायदा बाबागाडीला लावला असता तर आमचे बरेच पैसे वाचले असते.

बाबागाडी मात्र मी अभिमानानं घेतली. तिच्यामागे इतिहास आहे. घडी घालून छत्रीसारखी उचलायची हलकी बाबागाडी १९६५मध्ये ओवेन मॅक्लारेन नावाच्या ब्रिटिश अभियंत्यानं तयार केली, आणि या गृहस्थानं त्याआधी स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेलं होतं. हे वाचून मला धीर आला, कारण आमच्या रस्त्याला विमानाचीच चाकं लागतात. पण स्पिटफायरला निदान धावपट्टी मिळत असे. आमच्या फुटपाथवर उचकटलेले ब्लॉक, तिरक्या लावलेल्या स्कूटर, वडापावची गाडी आणि फुटपाथच्याही आधीपासून तिथे उभं असलेलं झाड. पहिल्या फेरीत मी बाबागाडी ढकलली कमी आणि उचलली जास्त. सध्या तिच्यातून दळण आणतो. दहा किलो गहू अगदी शांत झोपतात.

पाळण्याची गोष्ट निराळी. तो कोणत्याच यादीत नव्हता, कारण तो घ्यायचा नसतो, त्याला नंबर लावायचा असतो. सासूबाईंच्या माहेरचा सागवानी पाळणा, पितळी कड्यांचा. गेली कित्येक वर्षं नात्यात फिरतोय. त्याचा हिशेब साताऱ्याच्या आत्याबाईंच्या डोक्यात असतो : आता डोंबिवलीला आहे, तिथला मुलगा रांगायला लागला की सुटेल, मग आपला नंबर. रेल्वेला तत्काळ असतं, आत्याबाईंकडे नाही. पाळणा आला तो दोन पोत्यांत, सुटा. एक दांडी कमी होती. तिच्याबद्दल डोंबिवलीकर नागपूरकरांकडे बोट दाखवतात आणि नागपूरकर फोन उचलत नाहीत. शेवटी पडद्याचा रॉड कापून बसवला. तो आता त्या पाळण्याचा कायमचा वारसा झाला.

टांगून झाल्यावर मेहुण्यानं उगाच एक झोका दिला आणि घरातल्या चार बायका एकदम ओरडल्या. रिकामा पाळणा हलवायचा नसतो. मग चाचणी कशी घ्यायची? तर तिची सोय बारशातच आहे. मुलीच्या आधी पाळण्यात गेला वरवंटा. टोपरं घालून, काजळाची तीट लावून, दुपट्यात गुंडाळून. वजनाला मुलीपेक्षा भारी. कड्या कुरकुरल्या नाहीत, पडद्याचा रॉड वाकला नाही, आणि मगच मुलीला ठेवलं. इतकी काटेकोर तपासणी मी एक्सेलमधल्या कुठल्याही वस्तूच्या माहितीपत्रकात वाचली नव्हती.

माझ्या यादीतली एकच वस्तू मी हट्टानं टिकवली : गाडीतली बाळाची सीट. “मांडी असताना खुर्ची कशाला?” हा आईचा सवाल. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा अशा सीटनं बांधलं नाही तर हजार रुपये दंड आहे, हे मी सांगितलं. हजार रुपयांनी आई हलली नाही. मग मी कागदावर गणित मांडलं. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर पाच किलोचं बाळ हाताला पन्नासहून जास्त किलोंचा हिसका देतं. कुणाच्याही मांडीला ते पेलणार नाही. आईनं गणित नीट ऐकलं. म्हणाली, “मग चाळीसनं चालवू नकोस.”

सीट बसवली. मुलगी सीटमध्ये, आई शेजारी, नजर माझ्या काट्यावर. मला खंबाटकीच्या बोगद्यात उसाच्या ट्रॉलीनं मागे टाकलं. सांगली ते पुणे या प्रवासाला एरवी किती वेळ लागतो हे मी आता कुणाला सांगत नाही.

पाळणाही आमच्याबरोबर आला, टपावर, त्याच दोन पोत्यांत. साताऱ्याजवळ चहाला थांबलो, तेवढ्यात आत्याबाईंचा फोन. पोरगी कशी आहे, दूध नीट पिते का, हे विचारून झालं. मग म्हणाल्या, “रांगायला लागली की लगेच कळव. कोल्हापूरच्या धाकटीचा नंबर लावून ठेवलाय.” मी अभिनंदन करायला कोल्हापूरला फोन लावला. धाकटीच्या नवऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं.