आधी दिवे सांगा

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो आणि एक नेटभाऊ असतो. पहिली दोन पदं दर निवडणुकीला कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागतात. नेटभाऊ स्वयंभू. त्यांना कुणी नेमलेलं नसतं, त्यामुळे काढताही येत नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे नेटभाऊ दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. कुणाचंही नेट बंद पडलं की कंपनीच्या आधी फोन यांना. कंपनीत एक दाबा, दोन दाबा करत शेवटी सनईच ऐकायची असते. भाऊ पहिल्या रिंगला उचलतात. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. थेट, “आधी दिवे सांगा.”

“देवापाशी एक आहे, आणि गॅलरीतली ट्यूब चालू आहे,” असं बी-७ च्या काकूंनी एकदा सांगितलं होतं. भाऊंना राउटरवरचे दिवे हवे असतात. त्यातही ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल आहे का, हे आधी. तो लाल, म्हणजे घरापर्यंत आलेल्या काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाहीये. रस्ता खणताना तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल. काहीही असो, दोष बहुधा घराबाहेरचा. मग भाऊंचा आवाज पडतो. “कंपनीला कळवा,” म्हणून फोन ठेवतात आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत. पण लाल दिवा नसला, की मागून शर्टाची बटणं लावल्याचा आवाज येतो. “कशाला हात लावू नका. आलोच.”

भाऊ येतात ते रेक्झिनची जुनी पिशवी घेऊन. क्रिम्पिंग टूल, टेस्टर, टॉर्च, दात घासून झालेला ब्रश आणि बरणीभर कनेक्टर. कॉम्प्युटरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. टेबलाखाली शिरतात आणि तिथून तपशील जाहीर करत राहतात. केबलची खिट्टी तुटलीय. केबल सोफ्याच्या पायाखाली चेपलीय. एकदा आतून बराच वेळ आवाजच आला नाही, तेव्हा आम्ही घाबरलो. मग हात बाहेर आला. चिमटीत तांदळाचा दाणा. खंडेनवमीला घरच्यांनी सीपीयूची यथासांग पूजा केली होती, आणि एक अक्षत नेमकी केबल खोचायच्या भोकात जाऊन बसली होती. हळद लागलेला तो दाणा भाऊंनी कागदाच्या पुडीत बांधून घरी नेला. पुरावा म्हणून असावा.

घरच्यांना नेट हवं असतं. भाऊंना कारण हवं असतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लोकांना उशिरा कळतं. सी विंगमधल्या आठवीतल्या मुलाने एकदा, भाऊ टेबलाखाली असतानाच, राउटरचं बटण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि चालू केलं. नेट आलं. घरात टाळ्या. भाऊ बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, “आलं, पण गेलं का होतं?” मुलगा म्हणाला, “काय फरक पडतो काका?” त्या मुलाशी भाऊ गणपतीपर्यंत बोलले नाहीत. मला इथे भाऊंची बाजू पटते. बंद करून चालू केल्याने बहुतेक वेळा भागतं, हे खरं. पण पुढच्या आठवड्यात तेच रडगाणं असतं.

कारण फार साधं निघालं, तर मात्र भाऊंची पंचाईत होते. बी-७ मध्ये वीज वाचवायची म्हणून काकू रात्री राउटरचं बटण बंद करतात आणि सकाळी विसरतात. भाऊ बटण दाबतात, पण ‘बटण बंद होतं’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. “पॉवर सप्लायचा इश्यू होता,” म्हणतात आणि चहा निम्मा ठेवून उठतात. त्याच घरात राउटर शोकेसमध्ये बरा दिसत नाही म्हणून लोखंडी कपाटामागे ढकललेला होता. तो दिवस भाऊंच्या आयुष्यातला सोन्याचा. लोखंडातून वाय-फाय कसं अडतं, आणि मायक्रोवेव्ह लावला की रेंज का डळमळते, यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी व्याख्यान दिलं. ओव्हन आणि वाय-फाय, दोघांची वस्ती २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, तेव्हा शेजारधर्म पाळला जाणार नाहीच. काकूंनी एवढंच विचारलं, “मग पापड कशात भाजू?”

तारा, दिवे, बटणं निर्दोष ठरली, तरच भाऊ खुर्चीवर बसतात. काळी खिडकी उघडतात, एका बोटाने ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला की मांडीवर थाप. राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच असला पत्ता घेऊन बसतं. भाऊंच्या भाषेत, “मालक सापडला नाही म्हणून भाडेकरूने दारावर स्वतःची पाटी ठोकली.” पत्ता नीट असेल, तर पुढे पिंग, चार आठांना. तिथून उत्तर आलं पण नाव घातलेली साइट उघडत नसली, तर डीएनएसवर संशय. “आकड्याने बोलतंय, नावाने बोलत नाही,” हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की घरातली बाईमाणसं हातातलं काम थांबवतात.

या वेळेपर्यंत चहा झालेला असतो, आणि मग १९९५ सुरू होतं. विदेश संचार निगमने त्या वर्षी पंधरा ऑगस्टला सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, ही तारीख भाऊ झेंडावंदनाच्या भाषणातही घुसवतात. तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. आतल्या खोलीत कुणी दुसरा फोन उचलला की गेलं. मोडेमची ती किंकाळी भाऊ हुबेहूब काढतात. सार्वजनिक गणपतीच्या विविध गुणदर्शनात त्यांनी ती एकदा सादरही केली होती. तळमजल्यावरचं तान्हं मूल उठलं, पण साठीच्या वरच्या मंडळींनी वन्स मोअर दिला.

भाऊंची सगळ्यात मोठी केस ए-३ च्या आजोबांची. कॉम्प्युटर जुना, पण दिवे हिरवे, पत्ता बरोबर, पिंगला उत्तर. तरीही एकेक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेत होती. कंपनीचा मुलगा येऊन “आमच्याकडून ओके आहे” सांगून गेलेला. भाऊ पडद्याकडे बघत नुसते बसून राहिले. मग नजर उजव्या कोपऱ्यात खाली गेली.

“आजोबा, हा कॉम्प्युटर २००९ सालात आहे.”

मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती गेली की यंत्र बंद असताना घड्याळ थांबतं आणि चालू केल्यावर तारीख मागे कुठेतरी जाऊन बसते. साइट आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावरची तारीख मग या यंत्राला भविष्यातली वाटते, आणि ते खोटं समजून नाकारतं. भाऊंनी चारचारदा समजावलं. आजोबा ऐकत होते, पण चेहरा दुसरीकडेच होता.

“२००९ वाईट नव्हतं हो,” ते म्हणाले. “पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेला नऊ टक्के होते.”

बॅटरी सीआर २०३२. दुकान बंद. भाऊंनी घरभर नजर फिरवली आणि आजींच्या वजनकाट्यातली काढली. आजींनी हरकत घेतली नाही, उलट त्यांचा चेहरा उजळला. तारीख घातली, साइट उघडल्या. आजोबांनी पहिल्यांदा व्याजदराचं पान काढलं, चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याजवळ नेऊन ते वाचलं, आणि पिशवी आवरणाऱ्या भाऊंना विचारलं, “ती जुनी बॅटरी टाकली का हो तुम्ही?”