अवयव पाडणारे गुरुजी

आकडा दिसला की त्याचे अवयव पाडायचे, ही खोड असलेला माणूस दर गावात एखादा सापडतोच. बहुधा निवृत्त, बहुधा गणिताचा, आणि खिशात झिजून बोटाएवढी उरलेली पेन्सिल. आमचे वर्ध्याचे गुरुजी म्हणजे या जातीचा अर्क.

वर्ध्याचा पिनकोड ४४२००१. आपण तो पाकिटावर लिहून मोकळे होतो. गुरुजींच्या लेखी तो ७ गुणिले २३३ गुणिले २७१. रिक्षाच्या पाटीवर एमएच-३२ दिसलं की ‘दोनाचा पाचवा घात!’ म्हणून ते रिक्षावाल्याकडे असे कौतुकानं पाहतात, की त्या बिचाऱ्याला वाटतं आज भाड्यात घासाघीस होणार नाही. (होते.) गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ते १९३६ साली, म्हणजे ४४ च्या वर्गात. सेवाग्राम पाहायला आलेल्या पाहुण्यांना हे ज्ञान चपला काढायच्या आतच मिळतं.

जग मूळ संख्यांचे गोडवे गातं, याचा त्यांना राग आहे. “मूळ संख्या म्हणजे सडाफटिंग माणूस, बाप्पा. एक अन् सोता, तिसरं कोणी घरात नाई. संयुक्त संख्येचं घर कसं भरलेलं राह्यते!”

त्यांचं दैवत देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक माहीत असतो. गुरुजींचा जीव डेम्लो संख्यांवर. विजेच्या बिलाची मागची बाजू मांडीवर तळहातानं सपाट करतात, पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात आणि त्यातली एक लिहितात : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एकांचा वर्ग. उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच. मग खाली भागाकाराची शिडी उतरत जाते, हातचे कोपऱ्यात मुंगीएवढे, आणि शेवटी घरची मंडळी बाहेर येतात : तीनाचा चौथा घात, सदतिसाचा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. बिल भरायची तारीख त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला असते, ती मात्र गुरुजींना दिसत नाही.

आणि कोलची गोष्ट. २ चा ६७ वा घात उणे १, ही एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे, हे फ्रेंच गणिती लूकासनं १८७६ सालीच सिद्ध केलं होतं; पण एकही अवयव कोणाच्या हाती नव्हता. १९०३ साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल गणितज्ञांच्या सभेत उठले, फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार करून दाखवला आणि चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. गुरुजींना ही गोष्ट सांगायला पाऊण तास लागतो.

परवा बँकेत त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला. “थांब पोरी, अकरानं जाते वाटते.” अकरानं जाईपर्यंत ओटीपीची मुदत गेली. दुसऱ्याला सातानं भाग लागला, तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं मोबाइलच काढून घेतला. पोरगी इंजिनीयर होती. ती म्हणाली, “काका, तुम्ही अवयव पाडता ना, तशाच संख्यांची कुलपं असतात ऑनलाइन व्यवहाराला. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार संगणक चुटकीसरशी करतो. पण गुणाकारावरून त्या दोघी शोधायच्या म्हटलं की त्याचाही घाम निघतो. १९७७ साली १२९ अंकांची एक दिली होती लोकांना आव्हान म्हणून. शेकडो जणांनी संगणक जुंपले तेव्हा १९९४ मध्ये फुटली. ६१७ अंकांची एक तर अजून कोणालाच फुटली नाही.”

मागची रांग दारापर्यंत गेली होती. गुरुजींनी स्लिपबुकातली एक कोरी स्लिप ओढली, पालथी केली.

“सहाशे सतरा हे मूळ हाय,” ते स्वतःशी पुटपुटले. मग मान वर करून : “अन् त्या संख्येले तीननं भागून पाह्यलं काय त्यायनं?”