अंथरूणही हप्त्यावर

आडनावाच्या शेवटी 'कर' असलं की मूळ गाव विचारायची आपल्याकडे रीत आहे. हप्तेकराचं गाव संगमनेर असेल, बार्शी असेल, नाहीतर परळी. पण हे आडनाव त्याला लागलं पुण्यात. नोकरी हिंजवडीच्या आयटी पार्कात, बिऱ्हाड वाकडला तिघांत मिळून, वय पंचविशी ओलांडलेलं. खिशातला फोन अजून पुरता त्याचा झालेला नाही. अकरा हप्ते गेलेत, सात राहिलेत.

हप्ता या शब्दाचंही नशीब बघा. पूर्वी तो गोळा करायला माणसं यायची, आणि ती आली की बाजारपेठ घाबरायची. आता तो पाच तारखेला कुणी न येता खात्यातून जातो, आणि गेला नाही तर हप्तेकर घाबरतो.

आजी म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पंचाईत अशी की हप्तेकराचं अंथरूणच हप्त्यावर आहे. गादी १४,४०० रुपयांची, महिना १,२०० प्रमाणे वर्षभर, 'नो कॉस्ट'. यातली गंमत अशी की 'शून्य टक्के व्याज' असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. तेव्हापासून त्याच बाळाचं नवं बारसं झालं. व्याज असतंच, फक्त ते सवलतीच्या दुपट्यात गुंडाळलेलं असतं. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र दुपट्याबाहेर पाय काढून असतात. हे हप्तेकराला कळलं, पण गादीवर आडवं झाल्यावर.

एवढ्यावरून त्याला उधळ्या ठरवायची घाई नको. त्याच्या हप्त्यांतला थोरला हप्ता ना फोनचा आहे ना गादीचा. तो आहे इंजिनिअरिंगचा. चार वर्षांसाठी सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, म्हणून घर-जमीन वाचली. पण सहकर्जदार म्हणून वडिलांची सही लागली. शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, हे ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. हप्ता नव्हता, व्याज होतं. ते गुपचूप कॉलेजला जात होतं, आणि त्याची हजेरी हप्तेकरापेक्षा चांगली होती. साडेदहा टक्क्यांनी सहाचे सव्वाआठ लाख झाले. दहा वर्षं, महिना अकरा हजार.

मग नोकरी लागली. साडेचार लाखांचं पॅकेज! घरी पेढे वाटले गेले. मामांनी तिथल्या तिथे बाराने भागून साडेसदतीस हजार असा निकाल दिला, आणि 'एकट्या जिवाला पुष्कळ झाले' असा शेराही मारला. मामांना कोण सांगणार की पॅकेज ही लग्नातल्या फोटोसारखी गोष्ट आहे, त्यात न जेवता गेलेलेसुद्धा दिसतात. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटी त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच, आणि 'कामगिरीनुसार' मिळणारी, म्हणजे बहुधा न मिळणारी रक्कमही त्यातच. मग स्वतःचा पीएफ. मग व्यवसायकर, महिना २०० रुपये. फेब्रुवारीत मात्र ३००, कारण वर्षाचे २,५०० भरून निघायला हवेत. बारा महिन्यांतला सगळ्यात आखूड महिना आणि कर सगळ्यात लांब, हे सरकारला सुचलं कसं याचं हप्तेकराला दरवर्षी नव्यानं कौतुक वाटतं.

हातात येतात ३१ हजार. अकरा शैक्षणिक कर्जाला, साडेआठ खोलीला, ३,२०० मेसच्या काकूंना, ३,४०० बाइकला, १,५०० फोनला, १,२०० गादीला. राहिले २,२००. त्यात पेट्रोल, चहा, मित्रांची लग्नं आणि स्वतःचं भविष्य.

या २,२०० रुपयांच्या खिंडीत त्याला क्रेडिट कार्ड गाठतं. ते तो मागायला जात नाही, दुपारी जेवायच्या वेळेला त्याचाच फोन येतो. दोन लग्नं आणि बाइकचं एक मोठं काम झालं की बिल चाळीस हजारांवर जातं. बिलावर दोन आकडे असतात. मोठा आकडा खरा, पण लहान आकडा प्रेमळ: 'किमान देय रक्कम २,०००'. हप्तेकर प्रेमळ आकडा भरतो. आता महिना साडेतीन टक्क्यांनी चाळीस हजारांचं व्याज झालं १,४००, त्यावर जीएसटी २५२. म्हणजे दोन हजारांतले कर्जाला लागले ३४८. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. रविवारी मागवलेल्या बिर्याणीला रविवारपासूनच व्याज. या भाषेत बिर्याणीचा विचार कुणी करत नाही, म्हणूनच हा धंदा चालतो.

हप्तेकराचे वडील एसटीत कंडक्टर. तीस वर्षं रोज रात्री डेपोत तिकिटं आणि रोकड जुळवून, पै न पै भरून मगच घरी आलेला माणूस. मुलाच्या फोनवरची यूपीआयची यादी त्यांनी एकदा बोट सरकवत सरकवत पाहिली. बारा रुपये, वीस रुपये, बारा रुपये, पंचेचाळीस, पुन्हा बारा. "हे बारा काय?" "चहा." "एका दिवसात तीनदा?" पुढे ते काही बोलले नाहीत. बस भरलेली आणि पिशवीत मात्र सुटे पैसे, असा चेहरा केला फक्त.

खरं तर हिशेबात हप्तेकर कच्चा नाही. त्याच्या एक्सेलमध्ये रंगीत रकाने आहेत, पाचशे रुपयांची एसआयपीसुद्धा आहे (ती तो दर तीन महिन्यांनी थांबवतो, तो भाग निराळा). अडचण अशी की कर्ज दहा वर्षांचं आणि नोकरी नव्वद दिवसांची. नव्वद दिवस हा त्याचा नोटीस पिरियड. प्रोजेक्ट संपलं की बेंच, बेंचवर बसलं की धास्ती, आणि धास्तीवर औषध म्हणून नवा कोर्स. आधी टेस्टिंग केलं, मग डेटा सायन्स, आता एआय. कोर्सची फी, अर्थातच, हप्त्यानं. रूममेटनं तर वैतागून सदाशिव पेठेतली अभ्यासिका धरली आणि एमपीएससीला बसला. हप्तेकरालाही मोह झाला होता, पण बँकेला पूर्वपरीक्षेचा निकाल चालत नाही.

सिबिल हे त्याचं खरं कुलदैवत. ३०० ते ९०० मध्ये वास करणारं, साडेसातशेच्या वर प्रसन्न. आजारी माणूस थर्मामीटर लावतो तसा तो स्कोअर पाहतो. स्वतः पाहिल्यानं तो घसरत नाही, पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यानं घसरतो, हे तो इतरांना समजावून सांगतो. विषय चेष्टेचा राहिलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरातून बातमी आली होती की मुलाचं सिबिल खराब निघालं म्हणून मुलीकडच्यांनी ठरत आलेलं लग्न मोडलं. छत्तीस गुण जुळवणाऱ्यांना आता नऊशेपैकी किती, तेही विचारावं लागणार.

मग व्हायचं ते झालंच. प्रोजेक्ट गेलं, पाठोपाठ नोकरी गेली. नवी ऑफर हातात होती, पण जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. बँकेची तारीख एकदाही ढकलली गेली नाही. दोन हप्ते बाउन्स झाले, दंड खातं असलेल्या बँकेनं लावला आणि कर्ज देणाऱ्या बँकेनंही. फोन सुरू झाले. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे हप्तेकर सात वाजता माणसांत यायचा आणि सकाळी आठला पुन्हा मावळायचा. तोही डाव फसला, कारण सहकर्जदाराच्या फोनलाही तेच नियम, तीच वेळ. वडिलांनी फोन घेतला, "हो साहेब, बघतो" म्हणाले, आणि फोन आईच्या हातात दिला.

आईची भिशी आहे. गल्लीतल्या बारा जणी, महिना दोन-दोन हजार, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. प्रोसेसिंग फी नाही, स्कोअर नाही, ओळखपत्र म्हणजे तोंडओळख. त्या महिन्यात चिठ्ठी शेजारच्या वैनींची निघाली होती. आईनं त्यांच्याशी नंबर बदलून घेतला. २४ हजार आले. दोन हप्ते गेले, दंड गेला, वर चारशे रुपये उरले, ते वडिलांनी मोजून आईला परत दिले.

आता हप्तेकराची नवी नोकरी सुरू झाली आहे आणि एक्सेलमध्ये एका रकान्याची भर पडली आहे: 'आई, २,०००, दर महिन्याच्या चारला'. आठ ते सातचा नियम या रकान्याला लागू नाही. चार तारखेला सकाळी साडेसहाला फोन वाजतो.

"उठलास का रे?"

"हो."

"रात्री काय जेवलास?"

हप्तेकर सांगतो. इकडचं-तिकडचं बोलणं होतं, दूधवाल्यानं दर वाढवल्याचं कळतं.

"बरं, आज चार तारीख. साडेदहाला बायका जमतात."

"पाठवतो गं."

"पाठवतो नाही. मी फोन धरून बसते, तू पाठव."